तीही देणगीदारच

(दवाखान्याच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला अहवाल वाचायला सांगितले होते. पण छापील अहवाल तुमच्या हातात आहेच, तो तुम्ही घरी निवांत वाचाल. मी त्यातल्या एकाच वाक्यावर बोलणार आहे. तिसऱ्या पानावर शेवटी लिहिले आहे की यंदा आपल्याकडे तरुण डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांना सोनोग्राफीचे व एक्स-रेचे प्रशिक्षण सुरू होईल. वाक्य वाचून आनंद वाटला असेल. मलाही वाटला. फक्त एक गोष्ट त्यात लिहिलेली नाही. ही मुले शिकणार कोणावर?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला सव्वीस वर्षे मागे जावे लागेल, आणि स्वतःची एक चूक तुमच्यासमोर कबूल करावी लागेल.

साल १९९९. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. सातपुड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी तेव्हा काम करत होते. धडगाव, मोलगीकडचे रस्ते कसे होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात एसटी बंद झाली की बाळंतीण झोळीत घालून चार माणसे खांद्यावर आणायची. अशा ठिकाणी देणगीतून सोनोग्राफीचे मशीन आले. आम्ही प्रार्थना करून, नारिंगी रिबीन कापून ते सुरू केले. मशीनवर देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटीही लावली.

त्या वर्षी शहरातून पाच शिकाऊ डॉक्टर आठ दिवसांसाठी आमच्याकडे आले. मुले चांगली होती, मनापासून सेवा करायला आलेली होती. त्यांना मशीन शिकायचे होते आणि मला शिकवायची हौस होती. त्या दिवशी गरोदर बायांची तपासणी होती. व्हरांड्यात पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. त्यातली एक सातव्या महिन्याची. लांबच्या पाड्यावरून पहाटे निघून चालत आली होती. वार खाली आहे की काय अशी शंका होती, म्हणून तिची सोनोग्राफी खरोखरच गरजेची होती. मी प्रोब ठेवला. वार वर होती. बाळाचे ठोके छान होते. माझे काम चार मिनिटांत संपले.

आणि मग मी मुलांना म्हटले, "या, एकेक जण बघा."

पहिल्याने पाहिले, दुसऱ्याने पाहिले. डोके कुठे, मांडीचे हाड कुठे, मापे कशी घ्यायची. एकाला हाड सापडेना, म्हणून दुसऱ्याने हात धरून दाखवले. सगळे बोलणे इंग्रजीत. पडद्याकडे बघताना कपाळाला आठ्या. पाऊण तास ती बाई उताणी पडून होती. लघवी लागली होती, पण ती बोलली नाही. चौथ्याच्या वेळी तिला दरदरून घाम फुटला आणि डोळे फिरले. आमच्या नर्सबाईंनी पुढे होऊन तिला डाव्या कुशीवर वळवले, तेव्हा ती सावरली. डॉक्टर म्हणून मला ठाऊक होते की शेवटच्या महिन्यांत उताणे झोपवले तर गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि चक्कर येते. ठाऊक असूनही मी शिकवण्याच्या नादात विसरले. आम्ही तिला चहा दिला. पाचव्याचा नंबर राहिला होता. ती उठून बसल्यावर त्यालाही "दोन मिनिटे" दिली.

मला वाटले, चक्कर आली एवढीच चूक झाली. खरी चूक मला अडीच महिन्यांनी कळली.

ती बाई बाळंतपणाला आलीच नाही. आमच्या वॉर्डातल्या आयामावशी त्याच भागातल्या, पावरी बोलणाऱ्या. बाजारात त्यांना त्या पाड्यावरचे कोणी भेटले आणि हकिकत समजली. बाई घरी गेली ती रडतच. पाच डॉक्टरांनी पाळीपाळीने पोट पाहिले, आपसांत बोलले, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिच्याशी कोणी एक शब्द बोलले नाही. याचा अर्थ तिने काढला तो तुम्हीही काढला असता. लेकरात काहीतरी वाईट आहे. आता दवाखान्यात गेले तर पोट फाडतील. घरच्यांनी उसने पैसे आणून जे काही करायचे ते केले. दिवस भरले तेव्हा दवाखान्याच्या वाटेला न जाता ती घरीच बाळंत झाली. देवाच्या दयेने दोघे सुखरूप राहिले. नसते राहिले तर आमच्या नोंदवहीत त्याचे कारण कधीच लिहिले गेले नसते.

"बाळ छान आहे" हे तीन शब्द तिला कोणीच सांगितले नव्हते. मला वाटले मुले सांगतील, मुलांना वाटले मी सांगितले असेल. आणि त्या पाचांना तिचे नावही माहीत नव्हते. त्यांच्या वहीत ती 'केस क्रमांक सात' होती.

बंधुभगिनींनो, सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. म्हणून आपण सहज म्हणतो की सरावाने रुग्णाचे काय बिघडते? त्या लहरींनीही ऊतींना थोडी ऊब पोचते, म्हणून गरजेपुरतीच शक्ती आणि गरजेपुरताच वेळ वापरावा, सुरुवातीच्या महिन्यांत डॉपलर उगीच लावू नये, असा नियम आहे. पण त्या बाईचे नुकसान लहरींनी केले नव्हते. आमच्या गप्प बसण्याने ते केले.

आता तुमच्यातले कोणी विचारील, मग शिकायचेच नाही का? नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. न शिकलेला हात हा दुर्गम भागातला मोठा धोका आहे. वार खाली असलेल्या बाईला अचानक रक्तस्राव सुरू झाला आणि ते आधी कोणी ओळखले नसेल, तर जीप धुळ्याला पोचेपर्यंत उशीर होतो. ओळखायला यंत्र पुरत नाही, पाहणारा लागतो. आणि पाहणारा पुस्तकातून तयार होत नाही. त्याने शेकडो पोटे पाहिलेली असावी लागतात. त्यातली पहिली पोटे कोणाची तरी असणारच. मी स्वतः तशीच शिकले. माझ्या हाताखालून गेलेल्या त्या पहिल्या रुग्णांना मी कधी धन्यवाद दिल्याचे मला आठवत नाही.

प्रश्न असा आहे की ती पहिली पोटे नेहमी गरिबाचीच का? शहरात पैसे भरणाऱ्याला अनुभवी डॉक्टर मिळतो आणि फुकटच्या दवाखान्यात शिकाऊ हात. हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याचे काही वाटत नाही. मनात कुठेतरी हिशेब असतो: आम्ही फुकट उपचार देतो, मग तिने थोडा वेळ पडून राहिले तर काय झाले? पण तसा हिशेब मांडला की आपली सेवा सेवा राहत नाही. ती मोबदला घेऊन केलेली देवघेव होते, आणि मोबदला म्हणून तिचे शरीर घेतलेले असते, तेही न सांगता.

मी आयामावशींना घेऊन त्या पाड्यावर गेले. माफी मागायला गेले होते. बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळे सांगितले, मावशींनी पावरीत सांगितले. लेकरू पहिल्यापासून छान होते, ती पाच मुले शिकत होती, आम्ही तुला विचारायला हवे होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मावशींना काहीतरी विचारले. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टरबाई, ती विचारते, मग त्या पोरांना आलं का शिकायला?"

मी म्हटले, हो, थोडे आले.

ती म्हणाली, "मग आधी सांगायचं तरी. मी काय नाही म्हटलं असतं?"

परत येताना जीपमध्ये मला विधवेच्या दमडीची गोष्ट आठवत राहिली. मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते, आणि प्रभूचे लक्ष मात्र दोन टोल्या टाकणाऱ्या त्या गरीब बाईकडे गेले. आमच्याकडेही भांडार होते. यंत्र देणाऱ्याचे नाव पितळेत कोरले होते. पण ज्या बाईने आपला पाऊण तास, आपली लाज, आपली झोप दिली, तिने दिले आहे हेच आम्हाला दिसले नाही. कारण आम्ही ते मागितलेच नव्हते, उचलून घेतले होते. विधवेने आपली दमडी स्वतःच्या हाताने टाकली. ती तिच्या पदराची गाठ सोडून कोणी घेतली असती, तर त्याला दान म्हटले नसते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ती तुम्हाला सांगते, कारण यंदाच्या प्रशिक्षणातही तीच पाळायची आहे.

पहिली गोष्ट, आधी निकाल, मग सराव. रुग्णाला ज्यासाठी आणले ती तपासणी जाणकाराने करायची, जे दिसले ते तिला तिच्या भाषेत सांगायचे, पोटावरचे जेल पुसायचे, तिला उठून बसू द्यायचे. तिचे काम पूर्ण झाले, आता ती घरी जायला मोकळी आहे, अशा वेळी विचारायचे. आडवे पडलेल्या, अर्धे कपडे बाजूला केलेल्या माणसाच्या 'हो'ला फारसा अर्थ नसतो.

दुसरी, विचारायचे ते मी नाही. डॉक्टरला नाही म्हणणे तिला जड जाते. विचारतील आयामावशी, पावरीत, आणि शिकणारा स्वतः शेजारी उभा राहून आपले नाव सांगेल. एका रुग्णाकडे एकच शिकणारा, दहा मिनिटे, पडदा लावून, तिच्या सोबतीची बाई जवळ बसवून. ती थांब म्हणाली की थांबायचे.

तिसरी, नाही म्हटले तरी तेवढेच आभार मानायचे.

या पद्धतीच्या सुरुवातीला सगळ्याच बाया हो म्हणायच्या, आणि मी खूश होते. मावशी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भीतीनं मान हलवतात, बाई." मग एके दिवशी एक म्हातारी ठणकावून म्हणाली, "आज नको, माझी गाडी जाईल," आणि काठी टेकत निघून गेली. शिकाऊ डॉक्टर हिरमुसला. मला मात्र त्या दिवशी हायसे वाटले. नाही म्हणता येते हे लोकांना कळले होते, म्हणून आता त्यांच्या 'हो'वर विश्वास ठेवता येत होता.

कायदाही पुढे याच दिशेने गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा २००३ साली अधिक कडक झाला. गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणी असलेल्या केंद्रात, पात्र व्यक्तीने, ठरलेल्या वैद्यकीय कारणासाठीच करायची आणि प्रत्येकीचा फॉर्म एफ भरायचा. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण घालून दिले, तेही मान्यताप्राप्त ठिकाणी. म्हणजे निव्वळ हात बसावा म्हणून गर्भवतीच्या पोटावर प्रोब ठेवणे आता कायद्यातही बसत नाही. आपल्याकडच्या प्रशिक्षणात गर्भवतींची तपासणी नाही. इतर रुग्णांचे यकृत, मूत्रपिंड, छातीतले पाणी एवढेच आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात सांगितले की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि जीव वाचवायची तातडी नसेल तर प्रौढ बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही चालत नाही. मी त्यातून एवढेच घेते: एका गोष्टीला दिलेला होकार दुसऱ्या गोष्टीला वापरायचा नाही.

एक्स-रेबाबत तर सरावाचा प्रश्नच येत नाही. किरणोत्सर्ग अंगावर घ्यायचा तो रुग्णाच्या फायद्यासाठीच, हे जगभर मान्य तत्त्व आहे. शिकाऊ तंत्रज्ञाने माणसाला कसे उभे करायचे, कॅसेट कुठे ठेवायची हे बटण न दाबता शिकावे, आणि प्रत्यक्ष किरण सोडून शिकायचे ते सरावाच्या पुतळ्यावर. क्षयाचा संशय असलेल्या रुग्णाची छाती एकदा नीट काढायची. शिकाऊ हातामुळे फिल्म बिघडली म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढणे हीसुद्धा त्या रुग्णाच्या खर्चाने केलेली शिकवणीच असते. म्हणून बटण दाबण्याआधी जाणकाराने एकदा बघायचे.

रॉन्टजेन यांनी १८९५ च्या डिसेंबरात माणसाच्या हाताचा पहिला प्रसिद्ध एक्स-रे काढला तो स्वतःच्या पत्नीच्या हाताचा. बोटातली अंगठीसुद्धा त्यात दिसते. मी मुलांना म्हणते, सुरुवात घरापासून करा. सोनोग्राफी एकमेकांवर शिका. जेलीत द्राक्षे घालून त्यावर सुई मारायचा सराव करा. पण तिथेही आम्हाला एक धडा मिळाला. एकदा असेच शिकताना आमच्याच एका नर्सच्या पित्ताशयात खडा दिसला. क्षणभरापूर्वी ती आमची सहकारी होती, आता ती रुग्ण झाली, आणि तिच्या आजाराची बातमी तिच्याआधी खोलीतल्या आठ जणांना कळली. तेव्हापासून आधीच ठरवतो: काही दिसले तर एकाच वडीलधाऱ्या डॉक्टरने तिला एकांतात सांगायचे. आणि वरिष्ठाने कनिष्ठाला "झोप टेबलावर" असे सांगायचे नाही. तिथेही विचारायचे.

त्याच सुमारास एका भल्या माणसाने सुचवले होते, वसतिगृहातल्या मुली आहेत ना? निरोगी आहेत, शिस्तीच्या आहेत, वॉर्डन सही देतील. मी ही सूचना नाकारली. पुढे २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवर लसीचा अभ्यास झाला. तिथे अनेक मुलींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतिपत्रावर सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदेपर्यंत प्रश्न गेला. ते वाचताना मला आमची व्हरांड्यातली ती रांग आठवली. आपण मुलांना जेवण देतो, शाळा देतो, म्हणून त्यांच्या अंगावर आपला हक्क होत नाही. सही करणारा भला आहे म्हणून लेकराचा आवाज त्याच्याकडे जात नाही.

बार्तीमय आंधळा होता. त्याला काय हवे ते रस्त्यावरच्या सगळ्या गर्दीला दिसत होते. तरी प्रभूने त्याला आधी विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याला सगळे ठाऊक होते तोही विचारल्यावाचून पुढे गेला नाही. मग आमच्यासारख्यांनी न विचारता कोणाच्या अंगाला हात का लावावा?

आता तुमच्याकडे माझे मागणे. यंत्रासाठी पैसे उभे राहतात, कारण यंत्राचा फोटो निघतो, त्यावर पाटी लागते. पावरी बोलणाऱ्या आयामावशींच्या पगाराला पाटी लागत नाही. यंदा प्रशिक्षणाच्या खर्चात दोन गोष्टी धरा: सरावाचा एक पुतळा, आणि रुग्णाला तिच्या भाषेत विचारणारी, तिचे उत्तर ऐकून आम्हाला सांगणारी एक बाई. तुमच्या मंडळीतली तरुण मुले सुट्टीत दवाखाना बघायला येतील तेव्हा त्यांना सांगून पाठवा की "मी करून बघू का?" हे डॉक्टरला विचारायचे नाही, रुग्णाला विचारायचे. आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा इथे उभी राहीन तेव्हा किती जण शिकले एवढेच मला विचारू नका. किती रुग्णांनी नाही म्हटले, आणि त्यांना आम्ही कसे वागवले, तेही विचारा.

शिकलेली मुले इथेच, याच डोंगरात काही वर्षे राहतील अशी अट आम्ही घातली आहे. ज्यांनी दिले त्यांच्याकडेच ते परत जावे.

तुम्ही पैसे देता तेव्हा आम्ही पावती पाठवतो, आभाराचे पत्र लिहितो, तुमचे नाव प्रार्थनेत घेतो. त्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, तिला पावती नको. पण तिचे नाव आता मला पाठ आहे. इथे सांगणार नाही, कारण त्यासाठी मी तिला विचारलेले नाही. प्रार्थनेत मात्र रोज घेते, देणगीदारांच्या यादीत.